जेडचा वार्ड बदलताना

अक्का, आज सकाळी तुमचं जेडचं झाड मी कुंडीतून काढलं. ऐन पावसाळ्यात. तुम्ही असता तर आधी माझ्या हातातली खुरपी काढून घेतली असती, मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या असत्या, "सुमन, पावसात कुणी झाडाला हात लावतंय का? थोडं ठैर की." जन्मभर तुम्ही मला ठैर म्हणत आलात आणि मी जन्मभर घाई करत आले. आज ठैर म्हणणारं कुणी नव्हतं. बाल्कनीच्या दाराशी पेपर अंथरला, कुंडी आडवी केली, बुडाला हाताने थोपटलं. त्या थोपटण्याशिवाय घरात दुसरा कसलाच आवाज नव्हता.

पेपरात फोटोखाली छापतात तसलं काही मला तुमच्याबद्दल लिहायचं नाही. ते तुमच्या प्रवीणने व्यवस्थित छापून आणलं. जन्म कुठला, नोकरी कुठे, स्वभाव मनमिळाऊ, आणि मागे मुलगा, सून, नातवंडं. त्यात धाकटी जाऊ नाही, म्हणजे मी नाही. मी तो कागद चष्मा पुसून पुन्हा वाचला. त्याची चूक म्हणता येत नाही, कारण जावेचं नाव असल्या कागदात कुणीच घालत नाही. पण तारनाक्याच्या ह्या दोन खोल्यांत तुमच्यामागे खरोखर राहिलीय ती मी, आणि हे ज्याला सांगावं असं माणूस मला तुम्हीच होतात.

हे गेले तेव्हा तुम्ही "महिनाभर राहते" म्हणून आलात. मोठे भाऊजी आधीच गेलेले, प्रवीण पुण्याला नोकरीत, तुम्ही रेल्वेच्या दवाखान्यातून सिस्टर म्हणून रिटायर होऊन विद्यानगरला भाड्याच्या घरात एकट्या. मी शाळेतल्या नोकरीतून नुकती मोकळी झालेली, मूलबाळ नाही, माहेर देगलूरकडचं आणि तिथेही आता ओळखणारं कोण उरलंय? तुम्ही आलात तेव्हा एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकची बादली होती. बादलीत मला वाटलं डबे असतील. निघाल्या कुंड्या. महिना संपल्याचा विषय तुम्ही काढला नाही आणि मीही विचारलं नाही. नातेवाईक पैज लावून बसले होते की दोन जावा एका घरात म्हणजे डोकी फुटणार. फुटली नाहीत, पण कसर आपण ठेवली नाही. तुम्हाला माझी भाजी अळणी, मला तुमची जाळ. तुम्हाला तेलुगू मालिका, मला बातम्या. तुम्ही दवाखान्यातल्यासारखी चादर ताणून घालणार आणि मी त्यावर बसले की तोंड वाकडं करणार.

आणि ती झाडं. जाड जाड पानांची, रबरासारखी, न बोलणारी. मला गुलाब, मोगरा आवडतो. ज्याला वास नाही ते कसलं झाड, असं मी तोंडावर म्हणायची. तुमच्यावर काही परिणाम नाही. लग्नाला गेलो की हॉलबाहेरच्या कुंडीतलं एखादं पान तुमच्या पर्समध्ये यायचंच. "पडलेलं उचललं," म्हणायच्या. पडलेलं पान देठाशी इतकं ताजं कसं, हे विचारायची सोय नव्हती. घरी आलं की ते पान कोरड्या मातीवर नुसतं आडवं ठेवायचं. पाणी नाही, काही नाही. मी रोज जाऊन बघायची आणि वैतागायची. तुम्ही चहा पीत बसलेल्या. मग एके दिवशी पानाच्या टोकाला गुलाबी दोऱ्यासारखी मुळी दिसायची आणि तुम्ही माझ्याकडे न बघता हसायच्या.

हे जेड असंच आलं, बँकेच्या दारातल्या कुंडीतून. माझ्या खात्याच्या कामाला आपण गेलो होतो आणि मॅनेजरशी मी हुज्जत घालत असताना तुम्ही बाहेर हात साफ केलात. पुढे त्याचं खोड मनगटाएवढं झालं.

कुंडी बदलण्याला तुम्ही वार्ड बदलणं म्हणायच्या. "त्याला आता जनरलमधून हलवायला पाहिजे," असं पाहुण्यांसमोर म्हणालात की पाहुणे आतल्या खोलीत कोण आजारी आहे ते बघायचे. नियम तुमचे ठरलेले. बुडाच्या भोकातून मुळ्या डोकावायला लागल्या, घातलेलं पाणी घसाघसा तसंच खाली यायला लागलं, झाड एका अंगावर कलून उभं राहायला लागलं, म्हणजे जागा पुरेना झाली. पण म्हणून लगेच उपटायचं नाही. "उन्हाळ्यात नक्को, पावसात नक्को, फुलावर असलं तर नक्कोच." मग वर्षात राहिलं काय, मी म्हणायची. "राहतंय की. थंडी सरती अन् ऊन चढायचं असतंय, ते दिवस. न्हाईतर मग पाऊस पार गेल्यावर." आणि आधी माती पूर्ण कोरडी होऊ द्यायची, म्हणजे मुळ्या मातीतून सुटून येतात, तुटत नाहीत. ह्यात मला काही विशेष वाटायचं नाही. तुमच्या हातात ते इतकं सोपं दिसायचं की मी नीट बघितलंच नाही. आज सगळं आठवून आठवून करावं लागलं.

निळ्या कुंडीचं भांडण मात्र मी विसरणार नाही. तुमच्या वाढदिवसाला मी कोठीच्या बाजारात जाऊन, रिक्षात मांडीवर धरून ती आणली होती. चकचकीत, निळीशार, पोटाने चांगली गरगरीत. मला वाटलं तुम्ही खूश व्हाल. तुम्ही ती उलटी केलीत.

"भोक कुठंय हिला?"

"भोक पाडून घेऊ. रंग तर बघा!"

"रंग बघून काय करू? अन् एवढी मोठी! जेड त्यात बुडून मरंल."

"मरायला काय झालं? ऐसपैस राहील बिचारं. त्या टिचभर कुंडीत गुदमरलंय ते."

"सुमन, ह्याला ऐसपैस लागत नसतंय गं. मोठी कुंडी म्हंजे माती जास्त. माती जास्त म्हंजे ओल जास्त. एवढीशी मुळी, तिनं किती पाणी प्यायचं? सडती ती. जुन्या कुंडीपरीस बोटभर रुंद, बस्स."

"तुम्हाला मेलं सगळंच बोटभर लागतं," म्हणून मी आत निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्या कुंडीत तुम्ही कांदे भरून ठेवलेत आणि ती ओट्याखाली गेली. मी तुमच्याशी दिवसभर बोलले नाही, तर तुम्ही त्यातलाच कांदा कापून भजी केलीत. त्यानंतर जेडकडे बघून मी गुदमरलंय म्हणायची आणि तुम्ही सुखात हाय म्हणायच्या. हे वर्षानुवर्षं चाललं. मिटवायची गरज दोघींनाही वाटली नाही.

यंदा मात्र थंडी सरता सरता तुम्हीच म्हणालात की आता हलवायला पाहिजे. मुळ्या खाली लोंबत होत्या. तुम्ही मातीची कुंडी आणून ठेवलीत, बोटभर रुंद, लाल माती चाळलीत, जाड वाळू आणि विटेचे तुकडे मोजून बाजूला काढलेत. आणि छातीत कळ आली. दवाखान्यातून परत आलात तेव्हा ऊन चढलेलं होतं. "आता नक्को. पाऊस सरू दे, मग बदलू," म्हणालात. मीही म्हटलं, बरं. तुमच्या आजारपणात मी पहिल्यांदा तुमचं ऐकत होते, एवढ्यावरूनच मला भीती वाटायला पाहिजे होती.

आषाढात तुम्ही गेलात.

घर भरून गेलं. पुण्याहून प्रवीण, त्याची बायको अर्चना, मुलं, नांदेडकडची माणसं, तुमच्या दवाखान्यातल्या जुन्या सिस्टर. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे, दुःखाच्या घरात आलेल्या बाईला रिकाम्या हाताने बसवत नाही. कुणी कप विसळतं, कुणी अंगण नाही तर जिना झाडतं. आणि ज्यांना काहीच काम सापडत नव्हतं त्या सगळ्या बाल्कनीत जाऊन तुमच्या झाडांना पाणी घालत होत्या. शेजारच्या राजेश्वरी गारू सकाळी यायच्या, "अय्यो पापम, चेट्लु एंडिपोयायी," म्हणजे झाडं बिचारी वाळून गेली, असं म्हणत डोळे पुसायच्या आणि तांब्या ओतायच्या. त्यांच्यामागून अर्चना. तिच्यामागून आणखी कुणी. बाहेर पाऊस, वरून हे तांबे. तुमच्यासाठी रडणाऱ्या बाईच्या हातातून तांब्या कसा काढून घ्यायचा, अक्का? मला जमलं नाही. मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी असायची.

भेटायला येणारे प्रवीणला जवळ घेत. अर्चनाच्या पाठीवर हात फिरवत. मग माझ्याकडे वळून विचारत, पाण्याचा जग कुठे आहे. आपली एक चुलत नणंद मला म्हणाली, "आता तुम्ही कुठं राहणार?" मी म्हटलं, "माझ्याच घरात." तिला ते उद्धट वाटलं असावं, कारण नंतर तिने माझ्या हातचा चहा घेतला नाही.

तुमच्या जलदानविधीच्या आधी प्रवीण माझ्याजवळ येऊन बसला. "काकू, आईची झाडं आलेल्यांना देऊ का? प्रत्येकाच्या घरी तिची एक आठवण राहील." पोराचे डोळे लाल झालेले. मी म्हटलं, "तुझ्याच आईची आहेत बाळा, दे." मला नको म्हणायचं होतं. ती झाडं म्हणजे आपल्या दोघींच्या संध्याकाळी होत्या, एवढंच मला माझ्यासाठी पाहिजे होतं. पण त्याच्या आदल्याच दिवशी, कपाट आवरताना, त्याने सहज एक गोष्ट सांगितली होती. दर वर्षी तो तुम्हाला पुण्याला चला म्हणायचा. तुमच्यासाठी खोली रंगवून ठेवली होती. "दरवेळी आई म्हणायची, सुमन एकटी पडंल. एवढं एकच कारण." त्याने ते रागाने नाही सांगितलं, थकून सांगितलं. मी इतकी वर्षं समजत होते की तुम्हाला जायला जागा नाही म्हणून तुम्ही माझ्याकडे आहात. उलट मनातल्या मनात थोडा उपकारच चढवत होते तुमच्यावर. ते ऐकल्यावर, ज्याची आई मी माझ्याकडे ठेवून घेतली त्याच्याकडे झाडं कुठल्या तोंडाने मागणार होते?

त्याने मोठ्या हौसेने पांढऱ्याशुभ्र प्लास्टिकच्या कुंड्या आणल्या, चांगल्या ऐसपैस. नर्सरीतली काळी, ओली माती. सगळी मंडळी गोल करून बसली आणि आठवणी काढत काढत तुमची झाडं उपटून त्यात बसवली, दाबली, ताजी दिसावीत म्हणून भरपूर पाणी घातलं, पानं पुसली. तुम्ही जे जे करू नको म्हणायच्या ते सगळं एका दुपारी झालं, आणि ते करताना प्रत्येकजण तुमच्या मायेने गहिवरलेला होता. दुसऱ्या दिवशी बुद्धवंदना झाली, भंतेजी बोलले, जेवणं झाली. पांढऱ्या साड्यांतल्या बायका पांढऱ्या कुंड्या छातीशी धरून जिना उतरून गेल्या. मला त्यांचा राग आला नाही. मला हेवा वाटला.

जेड कुणी नेलं नाही. जड, वाकडं, त्यात पानं गाळायला लागलेलं. अर्चना निघताना म्हणाली, "काकू, हे खराब झालंय. खाली टाकून देऊ का?" "राहू दे," मी म्हटलं. इतक्या दिवसांत माझ्या मनातलं मी बोलले ते एवढंच.

ते गेल्यावर बाल्कनीत तुमच्या कुंड्यांचे नुसते गोल डाग राहिले. मी दोनदा फडक्याने पुसले, निघत नाहीत. जेडची पानं पिवळी, काचेसारखी आरपार दिसायला लागली. सुरकुतलं पान म्हणजे तहान आणि असं दिसणारं पान म्हणजे पाणी जास्त, हे मला येतं. खोडाला बुडाशी बोट लावून बघितलं तर मऊ. मग तुमचा नियम आठवत बसले, पावसात नको. आणि तुमचंच दुसरं वाक्यही आठवलं, भाऊबीजेला की कधी ते छोटं पट्ट्यापट्ट्यांचं झाड सडलं होतं तेव्हाचं: "पेशंट टेबलावर असताना कॅलेंडर बघत न्हाईत." तेव्हा आज सकाळी बसलेच.

माती ओली असल्याने मुळ्या सुटून आल्या नाहीत, ओढाव्या लागल्या. निम्म्या काळ्या पडलेल्या, हातात कुस्करल्या. वास आला. सुरी स्पिरिटने पुसली आणि खोड बुडाकडून कापत वर गेले. पहिल्या कापात आत तपकिरी. अजून थोडं वर, तरी तपकिरी. प्रत्येक काप घेताना मी तुम्हाला शिव्या देत होते. दसऱ्यापर्यंत थांबायला काय झालं होतं तुम्हाला, असं मोठ्याने म्हणाले. मग रडले, ते कापण्यात व्यत्यय न आणता. शेवटी आतून स्वच्छ हिरवट पांढरं लागलं तेव्हा झाड वीतभर उरलं होतं. मनगटाएवढं खोड गेलं. उरलेला शेंडा पेपरवर सावलीत आडवा ठेवलाय. जखम वाळून टणक झाली की कोरड्या मातीत लावायचा आणि त्यानंतरही बरेच दिवस पाणी घालायचं नाही. जगेल की नाही मला माहीत नाही. तुम्हाला बघून सांगता आलं असतं.

एक करून बघितलं, सांगते. ओट्याखालून निळी कुंडी ओढली, कांदे परातीत काढले आणि कुंडी जेडच्या शेजारी आणून ठेवली. आता ह्यातच लावते, म्हटलं. कोण अडवणार आहे? आणि खरंच कुणी अडवलं नाही. मी तिथे बसून राहिले. रिकाम्या घरात माझंच खरं ठरत होतं आणि मला ते सहन होईना. तुम्ही काहीतरी बोलावं म्हणून मी वाट बघत होते, अक्का, वेड्यासारखी. मग उठले, कांदे परत भरले, तुमची बोटभर रुंद कुंडी काढली, वाळू-माती कालवली. हात धुतले. तुम्हाला एकदा सांगायला पाहिजे होतं की तुम्ही आलात म्हणून मी तगले. महिनाभराचं बोलणं होतं आणि तुम्ही राहिलात, त्याबद्दल मी साधं बरं झालं एवढंही म्हणाले नाही. तुम्हालाही ते कधी ऐकायचं नव्हतं, चहा गार होतोय म्हणाल्या असत्या. तरी सांगायला पाहिजे होतं.

दुपारी फोन वाजला. प्रवीण. त्याने स्वतःसाठी एक छोटं झाड नेलं होतं, रेल्वेत मांडीवर घेऊन.

"काकू, त्याची पानं गळायलेत गं. मी रोज पाणी टाकायलोय, तरी."

"पाणी बंद कर आधी. कुंडीतून काढ त्याला. माती झटक, काळ्या मुळ्या काप, पेपरवर सावलीत ठेव."

"नुसतं ठेवू? मरणार नाही?"

"नाही मरत. पाण्याने मरायलंय ते. वाळू दे, मग लहान कुंडीत लाव, भोकाच्या."

मला वाटलं तो लिहून घेतोय. मग त्याचा श्वास ऐकू आला, लहानपणी पडून आला की दाबून घ्यायचा तसा. "एक झाड आणलं होतं तिचं, ते पण मी..." म्हणाला. "काकू, माझी आई गेली गं."

इतक्या दिवसांत मी ह्याला किती वेळा सावर म्हटलं असेल. आज ते तोंडातून निघालं नाही.

"हौ रे बाळा," मी म्हटलं. "माझी पण अक्का गेली."

मला वाटलं चुकलंच माझं, त्याच्या दुःखात मी माझं घेऊन बसले. फोन ठेवावा असं मनात आलं. तेवढ्यात तो अगदी हळू, मला कधी विचारलं नव्हतं अशा आवाजात म्हणाला, "काकू, तू जेवलीस का?"

तुम्ही गेल्यापासून मीच सगळ्यांना वाढत होते, अक्का. हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि त्याला खरं ते सांगितलं.

"नाही रे," म्हटलं. "सकाळपासून काहीच नाही."